गाडी ठरवण्याआधी ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार ते विचारा

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दिवाळीनंतर पुण्याहून मामा-मामी, मावशी आणि त्यांची मुलं येणार आहेत. सगळे मिळून अकरा जण. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट आणि गाणगापूर एका दिवसात करायचं ठरतंय. ओळखीच्या एकाने पांढऱ्या प्लेटच्या दोन एर्टिगा सांगितल्यात, किलोमीटरमागे तीन रुपये कमी पडतात. कुणी अडवलं तर 'पाहुणे आहेत' म्हणा, असं तो म्हणतो. घ्याव्यात का? टॅक्सी म्हणून चालवायच्या गाडीला नक्की काय काय लागतं? शिवाय माझा भाचा स्वतःची गाडी अशीच भाड्याला लावायचं म्हणतोय. त्याला काय सांगू?

उत्तर :

त्या गाड्या घेऊ नका. आणि चारही देवस्थानं एका दिवसात करू नका. दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण माझ्या लेखी तीच मोठी आहे. तिच्याकडे येतो. आधी प्लेटचं सांगतो.

मी अठ्ठावीस वर्षं सोलापुरात प्रवासी गाड्यांच्या धंद्यात आहे. पहिली बारा वर्षं स्वतः स्टिअरिंगवर होतो, आता चार गाड्या आणि पाच ड्रायव्हर आहेत. पांढऱ्या, म्हणजे खाजगी गाडीच्या प्लेटबद्दल लोकांचा समज असतो की पिवळी प्लेट म्हणजे सरकारला जास्तीचा टॅक्स, तो वाचवला की भाडं स्वस्त, आपलं काय जातंय? तुमचं काय जातं ते विम्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. खाजगी गाडीच्या पॉलिसीवर 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक मजकूर असतो. त्यात साफ लिहिलेलं असतं की भाडं घेऊन वापर केला तर हा विमा लागू नाही. मोटार वाहन कायद्यानेही विमा कंपनीला हा बचाव दिलेला आहे : परमिट नसलेली गाडी भाड्याने चालवत होते एवढं सिद्ध झालं की कंपनी जबाबदारी झटकू शकते. पिवळ्या प्लेटच्या गाडीत उलटं असतं. तिथे भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाचा विमा उतरवणं मालकाला सक्तीचं आहे, साध्या थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या) पॉलिसीतसुद्धा. म्हणजे ते तीन रुपये मुख्यतः तुमच्याच विम्याचे आणि तपासणीचे वाचवलेले असतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००१ साली माझ्याकडे सेकंडहँड सुमो होती, पांढरी प्लेट. आज ना उद्या परमिट काढू म्हणत वर्षभर तशीच भाडी मारली. मोहोळच्या अलीकडे पहाटे समोरून रॉंग साइडने ट्रॅक्टर आला, मी गाडी खाली उतरवली आणि ती बाभळीवर गेली. मागच्या सीटवरच्या आजींचा खुबा मोडला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांचा मुलगा माझ्यासमोर उभा होता आणि त्याच्या हातात माझ्याच अक्षरातली आठशे रुपयांच्या अॅडव्हान्सची पावती होती. तो भांडला नाही. "दादा, विम्याचं काय करायचं तेवढं सांगा," एवढंच म्हणाला. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. विमा कंपनीने तीच पावती पुढे करून हात वर केले आणि कंपनीचं काही चुकलं नव्हतं. सुमो विकून मी त्यांचा दवाखान्याचा खर्च दिला, तरी पुरा पडला नाही. आजी पुढे काठीशिवाय चालल्या नाहीत. त्यानंतर आजवर माझी एकही गाडी पांढऱ्या प्लेटवर भाड्याला गेलेली नाही.

आता 'पाहुणे आहेत म्हणा' हे. हा सल्ला देणाऱ्याला दंडाची भीती असते, तुमची काळजी नसते. परमिटशिवाय भाडं मारलं तर कलम १९२-अ खाली दहा हजार रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. आरटीओ गाडीची नोंदणी चार महिन्यांपर्यंत निलंबित करू शकतं. हे सगळं मालकाच्या आणि ड्रायव्हरच्या अंगावर, प्रवाशाला दंड नाही. पण गाडी जागेवर अडकवून ठेवण्याचा अधिकार त्यांना आहे. अडकवली की मामा-मामींना घेऊन तुम्ही हायवेच्या कडेला उभे. याहून वाईट म्हणजे अपघात झाल्यावर तुम्ही पोलिसांसमोर 'पाहुणे' म्हणून दिलेला जबाब कागदावर राहतो. नुसती थर्ड पार्टी असलेल्या खाजगी गाडीत फुकट बसलेल्या पाहुण्यांना त्या पॉलिसीतून काही मिळत नाही. म्हणजे खरं बोललात तर भाड्याचा वापर म्हणून नाकारणार आणि खोटं बोललात तर पाहुणे म्हणून नाकारणार. वडीलधाऱ्या माणसांना देवदर्शनाला नेताना त्यांच्या तोंडी हे खोटं घालूही नये.

तर काय लागतं ते सांगतो. पहिली गोष्ट नंबरप्लेट : पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. इलेक्ट्रिक टॅक्सी असेल तर हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरं. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं दिसली तर ती ड्रायव्हरशिवाय भाड्याने द्यायची गाडी. नुसती पिवळी प्लेट बघून समाधान मानू नका, कारण प्लेट रंगवता येते. गाडीचा नंबर मागवून घ्या आणि एम-परिवहन अॅपवर टाका. वाहनाच्या वर्गापुढे 'मोटर कॅब' किंवा 'मॅक्सी कॅब' यायला हवं. 'मोटर कार' आलं तर ती खाजगी गाडी, बोलणं तिथेच थांबवा. तिथेच फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत हेही दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि गाडीवाल्याला राग येण्याचं काही कारण नाही. माझ्याकडे बुकिंग करणाऱ्याने नंबर मागितला की मला बरं वाटतं.

मोटर कॅब म्हणजे ड्रायव्हर सोडून सहापर्यंत प्रवासी. सहाच्या वर बारापर्यंत मॅक्सी कॅब. आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) जी बैठक क्षमता लिहिलेली असते ती ड्रायव्हर धरून असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एर्टिगावर सात लिहिलेलं असतं म्हणजे प्रवासी सहा. 'लेकरू मांडीवर बसंल की' असं म्हणत आठ-नऊ जण कोंबले जातात. जास्तीच्या प्रवाशाला दंड माणशी दोनशे रुपये, म्हणजे काहीच नाही, म्हणून कुणी घाबरत नाही. पण मांडीवरचं लेकरू ब्रेक लागला की कुठे जातं ते मी पाहिलं आहे. तुम्ही अकरा जण आहात. बारा अधिक एकचा ट्रॅव्हलर घ्या, सगळे एकत्र राहाल आणि म्हाताऱ्या माणसांना एर्टिगाच्या तिसऱ्या रांगेत गुडघे मुडपून बसावं लागणार नाही. क्रूझरसुद्धा मिळेल आणि स्वस्त पडेल, पण तिच्या मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवू नका.

मग परमिट. इथे तुमच्या सहलीत एक मेख आहे. तुळजापूर धाराशिव जिल्ह्यात, पंढरपूर आणि अक्कलकोट आपल्याच जिल्ह्यात, पण गाणगापूर कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. नुसतं महाराष्ट्राचं परमिट असलेली गाडी अक्कलकोटच्या पुढे हद्द ओलांडून तशीच जाऊ शकत नाही. तिला त्या फेरीपुरतं विशेष परमिट काढावं लागतं आणि कर्नाटकचा टॅक्स भरावा लागतो. ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असेल तर हा प्रश्न येत नाही. ते आता ऑनलाइन मिळतं. त्यामुळे बुकिंगच्या वेळी 'ऑल इंडिया आहे ना?' एवढं विचारा. सोलापूरच्या गाडीवाल्याला गाणगापूर, विजापूर, हैदराबाद रोजचं आहे, त्याच्याकडे बहुधा ते असतंच. नसेल तर तो अक्कलकोटला पोचल्यावर 'पुढं दुसरी गाडी लावून देतो' म्हणेल आणि ती दुसरी गाडी कुठली असेल याचा भरवसा नाही. टुरिस्ट गाडीत प्रवाशांची यादी असावी लागते. तुमच्याकडून नावं आणि वयं मागितली तर द्या. पोलिसी चौकशी वाटून घेऊ नका, अपघातात ती यादीच कोण गाडीत होतं याचा पुरावा असते.

फिटनेस म्हणजे आमच्या भाषेत पासिंग. (पासिंग शब्द दोन अर्थांनी वापरतात. 'एमएच १३ पासिंग' म्हणजे गाडीची नोंदणी सोलापूरची, आणि 'गाडी पासिंगला लावलीय' म्हणजे फिटनेस तपासणीला.) खाजगी गाडीकडे नोंदणीनंतर पंधरा वर्षं कुणी बघत नाही. टॅक्सीला नव्या गाडीवर दोन वर्षांचं फिटनेस मिळतं, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी तपासणी. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, पट्टे, वायपर सगळं बघतात. टॅक्सीला स्पीड गव्हर्नर बसवावा लागतो, ताशी ८० च्या वर गाडी जात नाही. पुण्याकडचे पाहुणे हायवेवर 'काय ओ, गाडीत दम नाही का?' विचारतात, तेव्हा ड्रायव्हरला दोष देऊ नका. काही जण हा गव्हर्नर काढून टाकतात. तुमच्या ट्रॅव्हलरचा काटा शंभरला टेकलेला दिसला तर समजून जा आणि सरळ हळू चालवायला सांगा. २०१९ पासून नोंदणी झालेल्या टॅक्सीत जीपीएस ट्रॅकर आणि लाल आणीबाणीचं बटणही लागतं.

पासिंगबद्दल मात्र एक खंत आहे आणि ती मी लपवणार नाही. फिटनेसचा कागद त्या एका दिवसाचा असतो. पासिंगपुरते मित्राच्या गाडीचे टायर चढवून, आग विझवायचा सिलिंडर उसना आणून परत आल्यावर सगळं उतरवणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. अशा वेळी कागद चोख आणि गाडी धोकादायक असते. म्हणून गाडी दारात आली की बॅगा चढवायच्या आधी पाच मिनिटं तुम्ही स्वतः घ्या.

टायरपाशी खाली बसा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर लांब अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षांवरचा टायर नक्षी चांगली असली तरी मी लांबच्या भाड्याला पाठवत नाही. आपल्याकडचा उन्हाळा त्याला आतून खातो. बोटाने भिंत दाबून बघा, बारीक चिरा उघडतात का. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये आडवे रबराचे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली म्हणजे टायर संपला. कायद्याने किमान खोली १.६ मिलिमीटर हवी. पुढच्या चाकांना रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर असेल तर ती गाडी नेऊच नका. पुढचा टायर फुटला की स्टिअरिंग हातात राहत नाही, तुळजापूरच्या घाटात तर अजिबात नाही. रिमोल्ड ओळखायचा तर नक्षीचा पट्टा आणि भिंत जिथे मिळतात तिथली कडा बघा, चिकटवल्याची रेघ हाताला लागते. स्टेपनीही बाहेर काढायला लावा, बऱ्याचदा सगळ्यात जुना टायर तिथेच असतो.

मग मागच्या सीटवर हात घाला. सीट बेल्टचं बक्कल सीट कव्हरच्या खाली गाडलेलं सापडेल, शंभरात नव्वद गाड्यांत. मागच्यांनीही पट्टा बांधणं सक्तीचं आहे, नाही बांधला तर हजार रुपये दंड. पण बक्कल वर काढून ठेवायला कुणी सांगत नाही, म्हणून ड्रायव्हर काढत नाही. आधी काढायला लावा, मगच माणसं बसवा. मी माझ्या गाड्यांचे कव्हर शिवणाऱ्याला बक्कलसाठी खाच ठेवायला लावतो. तो पहिल्यांदा 'कव्हरची शोभा जाते' म्हणाला होता.

लहान गाडी घेतलीत तर मागचं दार उघडून त्याच्या कडेला बघा. चाइल्ड लॉकची छोटी कळ तिथे असते. ती लावली की दार आतून उघडत नाही. २०१९ च्या जुलैपासून बनलेल्या टॅक्सीत ती सोयच नसावी असा नियम आहे, बायकांच्या सुरक्षिततेसाठी. तरी जुन्या गाड्यांत ती असतेच. असेल तर खाली पाडून ठेवा आणि दार बंद करून आतून उघडतं का बघा. एकट्या मुलीला स्टेशनवरून घरी आणायची असेल तर हे आधी शिकवून ठेवा. लाल बटण कामाचं आहे, पण ट्रॅकरचं वार्षिक शुल्क भरलेलं नसलं की ते नुसतंच लाल बटण राहतं. फोनवर ११२ लक्षात असू द्या.

सीएनजी गाडी असेल तर डिकीतल्या टाकीवर धातूची पट्टी असते. तिच्यावर तपासणीची तारीख कोरलेली असते, दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) व्हायला हवी. तारीख उलटली असेल तर मागच्या सीटवर कुणालाही बसवू नका, गाडी परत पाठवा. आणि किट आरसीवर चढवलेलं आहे ना, तेही विचारा. चढवलेलं नसेल तर विमा कंपनीला अजून एक कारण मिळतं.

आता एका दिवसाच्या बेताकडे येतो. हे मी खरोखर हात जोडून सांगतो.

सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, पंढरपूर सत्तरच्या वर, अक्कलकोट चाळीस आणि तिथून पुढे गाणगापूर. जाऊन-येऊन साडेचारशेच्या आसपास होतात. आपल्या रस्त्यांवर, गावागावांतल्या गतिरोधकांवर सरासरी पंचेचाळीस-पन्नास धरा. म्हणजे नुसतं स्टिअरिंग नऊ ते दहा तास. त्यात चार ठिकाणच्या रांगा, चहा, जेवण. पहाटे चारला निघून रात्री अकरा-बाराला परत. मोटार वाहतूक कामगाराला कायद्याने दिवसाला आठ तासांचं काम आहे आणि इथे तो सरळ अठरा-वीस तास जागा असतो. त्यातही आदल्या रात्री कुठलं भाडं मारून तो किती वाजता घरी आला हे तुम्हाला माहीत नसतं. हंगामात एकच ड्रायव्हर रात्री हैदराबादहून येतो, तोंड धुतो आणि पहाटे पंढरपूरला निघतो. मालक त्याला पाठवतो कारण दुसरा ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर जातो कारण भत्ता फेरीमागे मिळतो. दारूबद्दल पोलीस फुंकर मारायला लावतात, झोपेबद्दल असं कुठलं यंत्र नाही. माझ्याकडे चार गाड्यांना पाच ड्रायव्हर आहेत ते याचसाठी. पाचव्याचा पगार मला दर महिन्याला जड जातो आणि तो मी भाड्यात धरतो. म्हणून माझं भाडं थोडं जास्त असतं.

तुम्ही सोलापुरातच राहता, हे तुमच्या हिताचं आहे. दोन दिवस करा. पहिल्या दिवशी तुळजापूर आणि पंढरपूर, दुसऱ्या दिवशी अक्कलकोट आणि गाणगापूर. मधली रात्र सगळे घरी, ड्रायव्हरही त्याच्या घरी, त्याच्या अंथरुणात. मुक्कामाची सहल असते तेव्हा काय होतं ते सांगतो. भक्तनिवासात तुम्हाला खोली मिळते. ड्रायव्हर सीट मागे पाडून, डासांसाठी काच वर, उकाड्यासाठी काच खाली, असं करत रात्र काढतो. पहाटे काकड आरतीला तुम्ही ताजेतवाने असता आणि ज्याच्या हातात अकरा जीव आहेत तो नसतो. पुढे कधी मुक्कामी गेलात तर त्याच्यासाठी एक खाट ठरवा. भत्त्यात ती येते असं मालक म्हणेल, पण भत्ता वाचवून घरी नेण्याकडे गरिबाचा कल असतो. म्हणून पैसे देण्यापेक्षा खाटच द्या.

अक्कलकोटला दुपारी अन्नछत्रात प्रसाद घ्याल, ड्रायव्हरही घेईल. पोटभर जेवणानंतर गाणगापूरचा रस्ता दोन वाजताच्या उन्हात धरायचा ही सगळ्यात झोपेची वेळ. त्याला अर्धा तास पडू द्या. 'चला चला, आरती चुकंल' करून उठवू नका. तुमच्यापैकी एक जण पुढच्या सीटवर जागा राहून त्याच्याशी बोलत राहील अशी पाळी लावा. तो खिडकी उघडून तोंडावर वारा घेऊ लागला, गाणं मोठं केलं, सारखा चेहरा चोळू लागला की समजा त्याला झोप येतेय. गाडी बाजूला घ्यायला सांगा. तो 'काय नाय होत' म्हणेल. तरी घ्यायला लावा.

दिवाळीनंतर जाताय म्हणून अजून एक. तेव्हा जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झालेला असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस अंधारात काळाच दिसतो. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यावर आला की त्या दोन सेकंदांत ट्रॉली समोर उभी असते. पंढरपूरच्या रस्त्यावर या दिवसांत मी माझी गाडी रात्री आठनंतर ठेवत नाही. आणि पाडव्यापासून अकराव्या दिवशी कार्तिकी एकादशी येते. तिच्या आगेमागे पंढरपूर टाळा. गर्दीत दर्शन होत नाही आणि पायी वारकऱ्यांमधून गाडी नेणं ड्रायव्हरला नको होतं.

भाच्याचं. त्याला रागावू नका. गाडीचा हप्ता डोक्यावर असतो आणि शेजारचा भाडी मारताना दिसतो, मीही त्यातूनच गेलो आहे. त्याला सांगा की खाजगी गाडी टॅक्सीत बदलून घेता येते. कर्ज असेल तर बँकेची ना हरकत, आरटीओत अर्ज, टॅक्सचा फरक, स्पीड गव्हर्नर, ट्रॅकर आणि बटण, फिटनेस, परमिट आणि पिवळी प्लेट. टुरिस्ट परमिटला संख्येची मर्यादा नाही, अर्ज केला की मिळतं. विमा प्रवासी वाहनाचा घ्यावा लागेल. हप्ता महाग आहे, पण तो टाळायचा असेल तर धंदाच करू नये. त्याचा साधा लाइट मोटार व्हेइकलचा परवाना चालतो. साडेसात टनांखालच्या गाडीसाठी वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद हवी की नको हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ ला मिटवला. वयाची वीस वर्षं पूर्ण हवीत. बॅज (प्रवासी गाडी चालवायची आरटीओची परवानगी) काढून घ्यावा, पोलीस पडताळणीसकट. आपल्यावर एकही गुन्हा नाही याचा तो कागद असतो आणि कंपन्यांच्या नेहमीच्या भाड्याला तो आधी मागतात. अजून गाडी घ्यायचीच असेल तर टॅक्सीसाठी बनवलेलं मॉडेल बघ म्हणावं. एर्टिगाचं टूर एम आहे, डिझायरचं टूर एस आहे. वेगाची मर्यादा कंपनीतूनच लावून येते, वर खर्च नाही.

आणि महिन्याला किती भाडी मिळणार हे कागदावर मांडायला लावा. लग्नसराई, गड्ड्याची यात्रा, आषाढी, कार्तिकी, मे महिन्याच्या सुट्या सोडल्या तर सोलापुरात गाडी बरेच दिवस दारात उभी असते. त्या दिवसांचा हप्ता कुठून भरणार याचं उत्तर त्याच्याकडे असेल तर खुशाल उतरू दे. नसेल तर एखाद्याच्या गाडीवर वर्षभर ड्रायव्हर म्हणून काम करू दे. धंदा कळतो आणि स्वतःच्या झोपेची किंमतही कळते.

बुकिंगचं शेवटचं. दर, दिवसाचं किमान किलोमीटर, ड्रायव्हर भत्ता, टोल, पार्किंग आणि किलोमीटर मालकाच्या दारापासून मोजणार की तुमच्या, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. त्याच मेसेजमध्ये गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव आदल्या दिवशी मागा, आणि तो आदल्या रात्री मोकळा आहे ना हेही विचारा. सकाळी बऱ्याचदा दुसरीच गाडी येते : "ती बिघडली ओ, ही पाठवलीय." गाडी खरंच बिघडू शकते, माझीही बिघडते. पण आलेल्या गाडीचा नंबर पुन्हा अॅपवर टाका. वर्ग, फिटनेस, विमा, परमिट बरोबर असेल तर बसा. पांढरी प्लेट असेल तर बॅगा दारातच राहू द्या आणि मालकाला फोन लावा. तेवढ्यात पिवळी गाडी येते, अनुभव आहे. तास-दीड तास उशीर होईल, तर त्या दिवशी पंढरपूर सोडा आणि नुसतं तुळजापूर करून या.